‘तपते’ आणि ‘उकडते’ : फिरत्या शयनकक्षाच्या वातानुकूलनाविषयी काही विवेचन

१. प्रसंग

भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने शीतनयंत्राविषयी लिहावे, हे या पत्रिकेच्या वाचकांस काहीसे विपरीत वाटण्याचा संभव आहे; म्हणून त्याचे कारण आरंभीच सांगणे इष्ट होय. वऱ्हाडी बोलीच्या ध्वनिमुद्रणासाठी २०२५ साली प्रस्तुत लेखकास काही विद्यार्थ्यांसह अकोट तालुक्यात दोनदा मुक्काम करावा लागला. एकदा मे महिन्यात आणि पुन्हा जुलैमध्ये. अकोट हे अकोला जिल्ह्याच्या उत्तर भागातील कापसाच्या व्यापाराचे गाव. त्याच्या उत्तरेस सातपुड्याचे डोंगर, नरनाळा किल्ला आणि मेळघाटचे अरण्य आहे. पायथ्याच्या गावांतील वऱ्हाडी आणि डोंगरातील मुंडा गटातील कोरकू अशा दोन भिन्न कुलांतील भाषांची सीमा येथे लागते, व म्हणूनच अभ्यासकास हा भाग मोलाचा वाटतो. खेड्यांतून सर्वांच्या रात्रीच्या निवासाची सोय होईना, तेव्हा मागील भागात लहानसा शयनकक्ष असलेली एक मोठी मोटार भाड्याने घेण्यात आली. कक्ष दोघांपुरता होता. विद्यार्थी पाळीपाळीने आत झोपत व उरलेले ग्रामस्थांच्या ओसरीवर.

अशा वाहनास हल्ली ‘कॅरॅव्हॅन’ म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली पर्यटनाच्या दृष्टीने या वाहनांविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केल्यापासून हा शब्द वृत्तपत्रांतून वारंवार आढळतो. शब्द मूळचा फारसी ‘कारवान’. त्याचा अर्थ एकत्र प्रवास करणारा जथा. इंग्रजीने तो उचलला आणि पुढे चाकांवरील घर असा त्याचा अर्थ संकोचला. वऱ्हाडास कारवानाची कल्पना नवी नव्हती. धान्य व मीठ वाहणारे लमाणांचे तांडे या मुलखातून पिढ्यान्‌पिढ्या गेले आहेत. फरक एवढाच, की तांड्यातील माणूस उघड्या आकाशाखाली झोपे आणि कॅरॅव्हॅनमधील माणूस पत्र्याच्या पेटीत झोपतो.

या पेटीतील शीतनयंत्राने आम्हांस दोन मुक्कामांत दोन निरनिराळे अनुभव दिले, आणि जुलैतील एका रात्री तर प्रसंग जिवावर बेतण्याच्या बेतात होता. त्या अनुभवांची कारणमीमांसा करणे, आणि यापुढे अशा वाहनातून क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांस काही उपयुक्त सूचना देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. दोन क्रियापदे

मे महिन्यातील पहिल्याच दिवशी आमच्या हातून दोन चुका घडल्या. मोटार उघड्या मैदानात उभी केली, ही पहिली. दुपारी दोन वाजता यंत्र सुरू केले. संध्याकाळपर्यंत ते अखंड चालले, तरी छपराखाली हात धरवेना. तेव्हा शेजारच्या घरून एक लहान कूलर मागून आणला, तो खिडकीत बसविला आणि बाहेरची झळ आत येऊ नये म्हणून उरलेल्या सर्व खिडक्या घट्ट लावून घेतल्या. ही दुसरी चूक. अर्ध्या तासात आतील अंथरुणे चिकट झाली व जीव घाबरा होऊ लागला. कूलर ज्यांच्या घरचा होता त्या आजी हा प्रकार पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “मास्तर, बाहेर तपते अन्‌ तुमी आत उकडून घेता! एखांदी खिडकी त उघडा.”

आजींच्या या वाक्यात संपूर्ण विषय सामावलेला आहे. वऱ्हाडात कडक उन्हाळ्यास ‘तपन’ म्हणतात, आणि ‘तपते’ हे क्रियापद कोरड्या, जाळणाऱ्या उष्णतेसाठी येते. ‘उकडते’ हे क्रियापद त्याहून अगदी वेगळ्या स्थितीचे आहे. वाऱ्याचा लवलेश नाही, अंगाला घाम सुटला आहे आणि तो वाळत नाही, अशी ती स्थिती होय. बटाटे उकडतात ते पाण्यात किंवा वाफेत. भाजतात ते कोरड्या आचेवर. स्वयंपाकघरातील हाच भेद हवामानाच्या वर्णनात उतरला आहे.

व्याकरणदृष्ट्याही या दोहोंत एक लक्षणीय अंतर आहे. ‘ऊन तापते’, ‘पत्रा तापतो’, ‘जमीन तापते’ या वाक्यांत क्रियापदास कर्ता आहे, व तो मनुष्याच्या बाहेर आहे. ‘मला उकडते’ या वाक्यात कर्ता सापडत नाही. येथील ‘उकडते’ या क्रियापदास व्याकरणकार भावकर्तृक म्हणतात. ज्याला उकडते तो माणूस चतुर्थीत आहे. उष्णता कोणी दिली, याचा वाक्यात निर्देश नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीने वस्तुस्थिती जवळजवळ अशीच असते. कोरड्या उन्हाळ्यात उष्णता बाहेरून अंगावर येते. दमट हवेत मात्र बाहेरचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा कमी असूनही त्रास होतो, कारण शरीरात निर्माण झालेली उष्णता घामावाटे बाहेर पडू शकत नाही. व्याकरणावरून भौतिकशास्त्र सिद्ध होत नाही, हे उघड आहे. परंतु भाषेने जपलेला भेद वस्तूंतही आहे की काय, हे पाहणे अभ्यासकास अनुचित नाही.

वस्तूंत तो भेद आहे. हवेचे तापमान वाढविणाऱ्या उष्णतेस ‘संवेद्य उष्णता’ म्हणतात. ती तापमापकावर दिसते. पाण्याची वाफ होताना जी उष्णता वाफेत साठते तिला ‘सुप्त उष्णता’ म्हणतात. ती तापमापकावर दिसत नाही. जेव्हा ‘तपते’ तेव्हा पहिलीचे प्राबल्य असते आणि ‘उकडते’ तेव्हा दुसरीचे. शयनकक्षाच्या व्यवस्थेतील बहुतेक चुका या दोहोंवर एकच उपाय योजल्याने होतात.

३. ‘वातानुकूलन’ या शब्दाचा अर्थ

‘एअर कंडिशनिंग’ या शब्दास मराठीत ‘वातानुकूलन’ हा पर्याय रूढ झाला. त्यात ‘शीत’ किंवा ‘गार’ या अर्थाचा कोणताही घटक नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हवा अनुकूल करणे एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि हा अर्थ इतिहासाशी सुसंगत आहे. १९०२ साली विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने जी यंत्रणा योजली ती न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी होती. हवेतील ओलाव्यामुळे कागद फुगे व आकसे, आणि एकावर एक छापावयाचे रंग जुळत नसत. कॅरिअरपुढील प्रश्न हवेतील पाणी काढून टाकण्याचा होता. १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या वस्त्रोद्योगातील अभियंत्याने ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दप्रयोग प्रचारात आणला, तेव्हा त्याचा हेतू नेमका उलट होता. कोरड्या हवेत सूत तुटे, म्हणून गिरणीतील हवेत पाणी मिसळावयाचे होते. सुतास योग्य ओलावा देण्याच्या क्रियेस गिरण्यांतून ‘कंडिशनिंग’ म्हणतच असत. तात्पर्य, या शब्दाचा जन्म कापसाच्या धंद्यात झाला आहे, आणि हवेतील पाण्याचे नियमन हा त्याचा मूळ अर्थ आहे. कापसातील ओलावा हाताने पारखणाऱ्या अकोटच्या व्यापाऱ्यास तो समजावून सांगण्याची गरज पडू नये.

यंत्राची क्षमता ज्या ‘टन’ या मापाने सांगतात त्याचाही खुलासा येथे करावा. दोन हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅम वजनाचा, शून्य अंशावरील बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषून घेतो तो वेग म्हणजे एक टन. आजच्या मापात सुमारे साडेतीन किलोवॅट. बर्फाच्या व्यापाराची ही आठवण आहे. १८३३ साली बॉस्टनहून निघालेले एक जहाज कलकत्त्यास बर्फ घेऊन आले होते. पुढे शंभर वर्षांनी, १९३४ साली, मुंबई व पेशावर यांच्या दरम्यान धावणाऱ्या फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबे जोडण्यात आले, तेव्हा त्यांतील हवाही बर्फाच्या लाद्यांवरूनच गार करून सोडीत असत. फिरत्या शयनकक्षाचे वातानुकूलन आपल्याकडे असे बर्फाने सुरू झाले. ‘टन’ हा शब्द मात्र बर्फ गेल्यावरही राहिला.

४. मे महिना : उष्णता बाहेर ठेवणे

‘तपते’ अशा दिवसांत पहिला उपाय यंत्राचा नाही, सावलीचा आहे. माध्यान्हीचे ऊन दर चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट उष्णता टाकते. सहा मीटर लांब व दोन मीटर रुंद अशा छपरावर याप्रमाणे बारा किलोवॅट पडतात. त्यांतील किती आत येते, हे रंग व अस्तर यांवर अवलंबून आहे. परंतु एक टनाचे यंत्र तासाभरात जेवढी उष्णता बाहेर टाकते तिच्या तिपटीहून अधिक उष्णता छपरावर आदळत असता यंत्राकडून फार अपेक्षा करणे व्यर्थ होय. दुसऱ्या दिवशी मोटार कडुनिंबाखाली उभी केली आणि तेच यंत्र पुरेसे ठरले. काचांवरील आवरण बाहेरून लावावे. आतील पडदा ऊन काचेतून आत आल्यानंतर अडवितो, तेव्हा उष्णता कक्षातच राहते. शयनकक्ष व पुढील भाग यांमधील दार किंवा पडदा बंद ठेवल्यास यंत्रावरील भार पुष्कळच हलका होतो.

वऱ्हाडातील जुने धाब्याचे घर आणि पत्र्याचे वाहन यांतील फरकही येथे ध्यानी घ्यावा. मातीच्या जाड भिंती दिवसाची उष्णता हळूहळू घेतात व रात्री उशिरापर्यंत सोडीत राहतात. म्हणूनच उन्हाळ्यात लोक अंगणात बाज टाकून निजतात. पत्र्याचे वाहन लवकर तापते, पण लवकर निवतेही. निरभ्र आकाशाखाली त्याचे छप्पर सूर्यास्तानंतर झपाट्याने उष्णता सोडते. म्हणून बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गार झाली की सर्व खिडक्या व छपरावरील झरोका उघडून आतील तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, आणि मग यंत्र लावावयाचे असल्यास लावावे. पलंगाखालील कप्पे व गादी यांतही उष्णता साठून राहते, हे विसरू नये.

आता कूलरविषयी. पूर्वी श्रीमंतांच्या घरी दारांवर वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडीत. आजही विदर्भात कूलरच्या बाजूंस लावावयाच्या जाळीदार पट्टांना ‘ताट्या’च म्हणतात, वस्तू बदलली तरी शब्द टिकला. तत्त्वही तेच आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतील सुमारे २,४०० किलोजूल उष्णता खर्ची पडते. तासाला पाच लिटर पाणी उडविणारा कूलर आत घेतलेल्या हवेतून जवळजवळ एक टन संवेद्य उष्णता काढतो, आणि तीही केवळ पंखा व लहान पंप चालविण्याइतक्या विजेत. परंतु ही उष्णता नष्ट होत नाही. ती वाफेच्या रूपाने सुप्त होऊन हवेतच राहते. म्हणून ती वाफ कक्षाबाहेर गेली पाहिजे. कूलरच्या समोरील बाजूची खिडकी उघडी ठेवणे हे त्याच्या क्रियेचेच अंग आहे. आम्ही ती बंद केली आणि मे महिन्यात स्वतःसाठी आषाढ निर्माण केला.

कूलर हवा किती गार करील याची मर्यादा ओल्या मलमलीने वेढलेल्या तापमापकावरून कळते. बाहेर ४४ अंश सेल्सिअस तापमान व १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असल्यास हा ओला तापमापक सुमारे २३ अंश दाखवितो, आणि चांगला कूलर २७ अंशांच्या आसपास हवा देतो. जुलैतील एखाद्या रात्री २९ अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रता असता ओला तापमापक २७ अंश दाखवील. कूलर जेमतेम दीड-दोन अंश उतरवील आणि हवा मात्र आणखी ओली करील. हे दोन अंक शेजारी ठेवले म्हणजे आजींच्या दोन क्रियापदांची सार्थता पटते.

५. जुलै महिना : पाणी बाहेर काढणे

‘उकडते’ अशा दिवसांत दाबयंत्राचे वातानुकूलनच उपयोगी पडते, कारण ते हवा गार करण्याबरोबर तिच्यातील पाणीही काढते. हवा गार नळ्यांवरून जाताना त्या नळ्यांचे तापमान दवबिंदूच्या खाली असल्यामुळे वाफेचे पाणी होते व ते नळीवाटे बाहेर ठिबकते. या ठिबकण्यावर लक्ष ठेवावे. जुलैच्या रात्री यंत्र चालू असूनही पाणी ठिबकत नसेल, तर अर्धे काम होत नाही असे समजावे.

असे होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे यंत्र कक्षाच्या मानाने फार मोठे असणे. आमचा कक्ष दोन मीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच उंच, म्हणजे आठ घनमीटरांचा होता, आणि यंत्र संपूर्ण वाहनास पुरेल इतके. रात्री ते पाच मिनिटांत ठरलेल्या अंशावर येई व दाबयंत्र थांबे. नळ्यांवर जमलेले पाणी ठिबकण्यास अवधीच मिळत नसे. पंखा मात्र चालूच राही, आणि तेच पाणी पुन्हा हवेत मिसळे. परिणामी कक्ष गार पण ओला होई. विद्यार्थी तापमान आणखी उतरवीत, पहाटे थंडीने जागे होत, आणि गादीचा खालचा भाग ओला झालेला आढळे. दोन झोपलेल्या माणसांच्या श्वासातून व त्वचेतून रात्रभरात अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत जाते, हेही यात मिळवावे.

यावरील उपाय सोपे आहेत. पंख्याचा वेग कमी ठेवावा व दाबयंत्राबरोबर पंखाही थांबेल अशी योजना करावी. तापमान २४ ते २६ अंशांच्या दरम्यान ठेवावे. भारतात २०२० च्या जानेवारीपासून खोलीच्या वातानुकूलन यंत्रांत २४ अंश हेच मूळ तापमान ठेवण्याचा नियम झाला आहे. पावसाळ्यात कक्ष व पुढील भाग यांमधील पडदा उघडा ठेवल्यास मोठ्या यंत्रास पुरेसे काम मिळते व ते अधिक वेळ चालते. मे महिन्यातील सूचनेच्या हे नेमके उलट आहे. ओले कपडे कक्षात वाळत घालू नयेत. गादीखाली हवा खेळेल अशी फळ्यांची चौकट असावी. हवेचा झोत झोपणाऱ्याच्या तोंडावर न सोडता छताच्या बाजूने सोडावा, म्हणजे गार हवा आपोआप खाली उतरते.

मराठीत ‘गार’ व ‘थंड’ यांतही एक सूक्ष्म भेद आहे. ‘गारवा’ सुखावह असतो, ‘थंडी’ वाजते. झोपेस गारवा हवा असतो. हवा कोरडी असेल तर तो २६ अंशांवरही लाभतो, आणि हवा ओली असेल तर २० अंशांवर थंडी वाजू लागते, पण गारवा येत नाही.

६. वीज आणि विषारी वायू

एक टनाच्या यंत्रास साधारणतः एक किलोवॅट वीज लागते. आठ तासांच्या रात्रीत ते निम्मा वेळ चालले तरी चार एकक वीज खर्च होते. बारा व्होल्टच्या, शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत पूर्ण भरलेली असताना सुमारे सव्वा एकक वीज असते. यावरून केवळ बॅटरीवर रात्र काढणे किती अवघड आहे, हे दिसून येईल. विजेची जोडणी मिळेल अशा जागी मुक्काम करणे हा उत्तम मार्ग. तो नसला की लोक जनित्र लावतात, आणि धोका तेथे सुरू होतो.

जुलैतील तिसऱ्या रात्री पाऊस होता. चालकाने जनित्र भिजू नये म्हणून ते मोटारीच्या मागील बाजूस आडोशाखाली, शयनकक्षाच्या अगदी लगत आणून ठेवले. मध्यरात्रीनंतर आत झोपलेला एक विद्यार्थी डोके ठणकत असल्यामुळे उठला आणि दार उघडताना अडखळून पडला. त्या आवाजाने आम्ही जागे झालो व त्याच्या सोबत्यास हलवून बाहेर काढले. दोघेही मोकळ्या हवेत तासाभरात सावरले. तो विद्यार्थी उठला नसता तर काय झाले असते, याचा विचार आजही करवत नाही.

हा विचार काल्पनिक नाही. २०२४ च्या डिसेंबरात केरळमधील वडकरा येथे रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत आढळले. जनित्रातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्यामुळे हे मृत्यू झाल्याचे तपासात निष्पन्न झाले. या वायूस रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. झोपलेल्या माणसास त्याची जाणीव बहुधा होतच नाही.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. वातानुकूलन यंत्र चालू आहे म्हणजे ताजी हवा मिळते, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः अशा वाहनांतील यंत्र सामान्यतः आतीलच हवा पुनःपुन्हा फिरवते. आठ घनमीटरांच्या पूर्ण बंद कक्षात दोन माणसांच्या उच्छ्वासाने एका तासात सुमारे २५ लिटर कार्बन डायॉक्साइडची भर पडते, म्हणजे हजारी तीन भाग. म्हणून यंत्र चालू असतानाही जनित्रापासून दूरच्या बाजूचा झरोका बोटभर उघडा ठेवावा. थोडा गारवा वाया जाईल. तो जाऊ द्यावा. मात्र या फटीच्या भरवशावर जनित्र जवळ ठेवू नये. माणसे आत झोपलेली असताना जनित्र किंवा मोटारीचे इंजिन चालू ठेवूच नये, हा नियम निरपवाद मानावा. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे लहान उपकरण शयनकक्षात उशाजवळ असावे व निघण्यापूर्वी ते तपासून घ्यावे.

७. समारोप

वरील विवेचनाचे सार असे. कक्षात शिरण्यापूर्वी बाहेर तपते आहे की उकडते आहे, हे ठरवावे. त्यासाठी आर्द्रतामापक जवळ असावा, आणि तो नसल्यास घाम वाळतो की नाही हे पाहावे. तपत असल्यास प्रथम सावली, मग रात्रीचा वारा, मग खिडकी उघडी ठेवून कूलर. आणि यंत्रच लावावयाचे झाल्यास कक्ष आटोपशीर करून लावावे. उकडत असल्यास कूलर बंद, यंत्र मंद व दीर्घकाळ, आणि ठिबकणाऱ्या पाण्यावर लक्ष. वीज नसेल त्या रात्री यंत्राचा मोह सोडून ओसरीवर किंवा मच्छरदाणी लावून उघड्यावर निजावे. तांड्यांनी आणि वऱ्हाडच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच केले आहे.

शेवटी एक विनंती. उष्णतेच्या या दोन प्रकारांसाठी कोकणपट्टीत, खानदेशात, मराठवाड्यात व गोमंतकात कोणती क्रियापदे वापरली जातात, त्यांतील कोणती कर्ता घेतात व कोणती चतुर्थी घेतात, याची नोंद आपापल्या क्षेत्रकार्यात विद्यार्थ्यांनी अवश्य करावी आणि ती विभागाकडे पाठवावी. ज्या आजींच्या एका वाक्याने हा लेख सुचला, त्यांचा कूलर आम्ही मुक्कामाच्या अखेरीस नव्या ताट्या बसवून परत केला.